अकरा मोजेपर्यंत

गिरजाबाईनं दोन दिवसांच्या रजेनंतर त्या मंगळवारी सकाळी सहा नंबरच्या खाटेखालचं भांडं काढायला हात घातला, वर बघितलं, तर खाटेवर हैबतराव. नऊ वर्षं ती या माणसाला शिव्या घालत होती. भाकरी थापताना, लादी पुसताना, आपल्या गडब गावच्या थांब्यावर एसटीची वाट बघताना. कधी कधी तर देवापुढं हात जोडलेले असताना मध्येच याचं नाव आठवायचं, मग देव राहायचा बाजूला आणि ती यालाच धरून बसायची. आणि हा मेला इथं रोह्यात, तिच्याच वॉर्डात, छातीला चिकटपट्ट्या लावून, तोंड उघडं टाकून घोरत पडलेला. वर त्याचं भांडं तिच्या हातात.

तिनं भांडं धुतलं आणि परत जागेवर ठेवलं. नोकरी ती नोकरी.

ते हॉस्पिटल म्हणजे बाजाराच्या मागं पहिल्या मजल्यावरच्या बारा खाटा. खाली औषधाचं दुकान, लिफ्ट नाही, वळणाचा जिना. गिरजाबाई तिथली मावशी. पुसणं, धुणं, पेशंटला उठवणं-बसवणं, मशीनच्या तारा पुसून ठेवणं, सगळं तिच्याकडं. सिस्टरनं तिला सांगितलं, "सहा नंबर हार्टचा आहे. आठ महिन्यांत चार वेळा पडला. ईसीजी चांगला, इको चांगली, दोन दिवस मॉनिटर लावलाय तोही चांगला. डॉक्टरांनी डोकं धरलंय." गिरजाबाई मनात म्हणाली, याला काळीज आहे हीच मुळात नवी बातमी.

आता हैबतरावशी तिचं काय वाकडं होतं, ते सांगायलाच हवं.

गिरजाबाईला एकच लेक, शांती. शांतीला चौदाव्या वर्षापासून फिट यायची. लोकांना वाटतं फिट म्हणजे हातपाय झाडणं. शांतीचं तसं नव्हतं. बोलता बोलता ती गप्प व्हायची, ओठ मचमच हलायचे, उजवा हात पोलक्याचं बटण चाचपत राहायचा. हाक मारा, चिमटा काढा, पोरगी तिथं नाहीच. पुष्कळदा एवढ्यावरच भागायचं. पण कधी कधी तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडायचा आणि ती धाडकन खाली. अशा वेळी गिरजाबाई तिचं मनगट धरून बसायची. नाडी आधी पळत सुटायची, मोजता येऊ नये इतकी, आणि मग एकदम बंद. बोटाखाली काही नाही. गिरजाबाई मोजायची. सात, आठ, नऊ. एकदा दहा. दोनदा अकरा. मग एक ठोका लागायचा, मग दुसरा, आणि शांती डोळे उघडून विचारायची, "आये, दूध उतू गेलं काय?"

पेणच्या एका डॉक्टरांना तिनं हे सांगितलं होतं. ते म्हणाले, आई, घाबरल्यावर नाडी हाताला लागत नाही, बोटं थरथरतात. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, गोळ्यांनी फिट कमीही झाली. पण नाडीचं कुणी मनावर घेतलं नाही. चौथी शिकलेल्या बाईची बोटं ती, त्यांचं कोण ऐकतो.

पुढं हैबतरावच्या पोपटनं शांतीला कुठल्याशा लग्नात बघितलं आणि हट्ट धरून बसला. हैबतराव म्हणजे बारा वाड्यांच्या गावकीचा म्होरक्या. खांब गावच्या आतल्या अंगाला त्याची वाडी, भाताची नि वालाची भरपूर जमीन, शब्द खाली पडू न देणारी माणसं भोवती. तो आणि त्याची बायको धोंडुबाई गडबला आली, ओटीवर बसली, पोहे खाल्ले. त्यांचे पोहे संपेपर्यंत गिरजाबाईनं धीर धरला आणि मग सगळं सांगून टाकलं. फिट, गोळ्या, नाडी, काही हातचं राखलं नाही. हैबतराव मिशीला लागलेलं खोबरं पुसत म्हणाला, "आमच्या घरात असल्या गोष्टींचा बाऊ नाय करत, विहीणबाई. फक्त चारचौघांत बोलू नका." ती नाही बोलली. तेवढीच तिची चूक.

दोन वर्षं बरी गेली. मग वाडीच्या देवळात हरिनामाचा सप्ता उठला त्या दिवशी, पंगतीत भात वाढता वाढता शांती पडली. बाराही वाड्या जेवायला बसलेल्या. हैबतराव उठला, देवळाबाहेर गेला, स्वतःची चप्पल घेऊन आला आणि सगळ्यांदेखत सुनेच्या नाकावर दाबून धरली. कातड्याच्या वासानं फेफरं उतरतं म्हणतात आपल्याकडं. उतरत काही नाही. पण कुणाच्या नाकाला चप्पल लागलेली दिसली, की त्या माणसाला काय आहे हे कुणाला विचारावं लागत नाही.

आता झाकणार कसं? आठ दिवसांत गावकी बसली. हैबतराव म्हणाला, फेफऱ्याची पोरगी आमच्या गळ्यात मारली, आम्हाला अंधारात ठेवलं. गावकीची रीत अशी, की ज्याचा गुन्हा त्यानं उभं राहून आपल्या तोंडानं बोलायचा, नाहीतर त्याचं घर वाळीत. गिरजाबाईचा नवरा केव्हाच वारला होता. दीर दाजी तिच्या कानाशी लागला, "वैनी, बोलून टाका. माझी दोन पोरं लग्नाची हायत." ती उभी राहिली. शांती शेजारी पदराला धरून होती.

"मी लपवलं," गिरजाबाई म्हणाली.

हैबतरावनं कानाला हात लावला. "ऐकू नाय आलं. परत."

ती परत बोलली. "ऐकू नाय आलं. परत." असं तीन वेळा वदवून घेतलं त्यानं, तेव्हा कुठं त्याचे कान उघडले. मग सोडचिठ्ठी.

सहा महिन्यांनी भरदुपारी शांती तळ्यावर कपडे धुवायला गेली ती परत आली नाही. पालथी सापडली. पाणी गुडघाभर. लोक म्हणाले, लाजेपायी जीव दिला. गुडघाभर पाण्यात कोण जीव देतं, आणि अर्धे कपडे पिळून बादलीत ठेवून कोण देतं, हे कुणी विचारलं नाही. बायांनी त्या दगडावर धुणं बंद केलं. गिरजाबाई सांगून सांगून थकली की तिनं जीव दिला नाय, तिचं काळीज थांबलं, या खेपेला अकराच्या पुढं गेलं. दाजीसुद्धा म्हणाला, "वैनी, आता मनाची समजूत घाला." तेव्हापासून तिनं सांगणं सोडलं आणि डूख धरला.

तर असा तो हैबतराव, आणि मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी त्याला घरी सोडायचं ठरवलं. हृदय ठणठणीत, कसला आजार सापडत नाही, म्हणाले. तारा काढून मशीनवर गुंडाळून ठेवल्या. पोपट कागद करायला खाली गेला. धोंडुबाई चहा आणायला गेली. गिरजाबाई खाटेजवळची लादी पुसत होती, मुद्दाम सावकाश पुसत होती, आणि वर मचमच असा आवाज आला.

तो आवाज तिनं झोपेतही ओळखला असता.

हैबतराव उशीला टेकून बसला होता. डोळे उघडे, पण समोरच्या भिंतीच्याही पलीकडं कुठंतरी. ओठ हलत होते. उजवा हात बंडीचं बटण चाचपत होता. गिरजाबाई फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढं त्याचा चेहरा पांढरा झाला आणि मान कलली. तिनं फडकं टाकून मनगट धरलं. नाडी पळाली, आणि थांबली. एक, दोन, तीन. आठ. नऊ. मग ठोका आला.

हैबतरावनं डोळे उघडले. आधी त्याला काही उमगेना. मग तिच्या तोंडाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "विहीणबाई?"

"विहीण कुठली? सोडचिठ्ठी तूच दिलीस ना." आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अरे-तुरे करत होती, आणि जीभ अडखळली नाही. "तुला फिट आली, हैबतराव. नऊ मोजले मी."

"छातीचं हाय ते माझं. धडधडतं."

"छातीचं नाय. माझ्या शांतीचं होतं तेच हाय. आणि तुला म्हायत हाय."

त्यानं आधी दाराकडं बघितलं. तिथंच तो पकडला गेला. दोन वर्षं त्यानं घरात शांतीची फिट बघितली होती, त्याला कळणार नाही तर कुणाला? "आठ महिने झाले," तो हळूच म्हणाला. "आली की धोंडी दार लावून घेते. डॉक्टरला फक्त छातीचं सांगितलं. पाया पडतो तुमच्या, कुठं बोलू नका. गावकीत तोंड दाखवायला जागा नाय ऱ्हायची."

म्हणजे बघा. डॉक्टर बिचारा दोन दिवस याच्या चांगल्या काळजात खोट शोधत होता, आणि खरी खोट यानं उशीखाली लपवून ठेवलेली. लपवलं म्हणून ज्यानं तिला उभं केलं, तोच हा.

गिरजाबाईला इतका आनंद झाला की बादली उचलून ती तडक बाहेर गेली, नाहीतर तिथंच हसली असती. करायचं काहीच नव्हतं. गप्प बसायचं. हा आज घरी जाणार, पुढची फिट बांधावर येणार नाहीतर विहिरीच्या काठावर, आणि नऊच्या जागी वीस होणार. तिनं तीन खोल्या पुसून काढल्या. हात भराभर चालत होता. नऊ वर्षांत इतकं हलकं तिला वाटलं नव्हतं.

फडकं पिळताना नळाशी तिला खटकलं.

हा मेला, तर लोक काय म्हणणार? हार्ट अटॅक म्हणणार. हैबतराव मोठा माणूस, मोठ्या माणसाला साजेसं मरण. बाराही वाड्या खांदा द्यायला येणार, शोकसभा होणार, दाजी पुढं उभा राहून रडणार. आणि तिची शांती तळ्यात जीव दिलेलीच राहणार. छे. याला मरू देणं म्हणजे याला सोडून देणं. फिटमध्ये काळीज थांबतं, हे ती ओरडून सांगत होती तेव्हा कुणी ऐकलं नाही. आता साक्ष द्यायला एकच काळीज उरलं होतं, आणि ते नेमकं या माणसाच्या छातीत होतं. मेलं तर साक्षही गेली.

शांतीची फिट एक आली की त्याच दिवशी दुसरी यायची. हे तिला पाठ होतं.

ती सिस्टरकडं गेली. सिस्टर बाळंतिणीच्या खोलीत घाईत होती. "सहा नंबरवाल्याला परत धडधडतंय. तारा लावून ठेवू काय?" सिस्टर मान न वळवता म्हणाली, "लावा. डिस्चार्जपर्यंत राहू दे." चिकटपट्ट्या अजून त्याच्या छातीवरच होत्या. गिरजाबाईनं एकेक तार खटाखट अडकवली.

"आता कशाला?" हैबतराव म्हणाला.

"छातीचं हाय ना तुझं? मग छातीला लावते."

  धोंडुबाई चहा घेऊन आली, गिरजाबाईला बघून दारातच थबकली आणि खाली बघत खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसली. गिरजाबाईनं मशीन सुरू केलं. हिरवी रेघ उड्या मारत चालू लागली.

"तुला काय पायजे?" हैबतरावनं विचारलं. "सरळ सांग."

"चारला गावकीची माणसं येतील तुला बघायला. पोपट खाली सांगत होता. त्यांच्यासमोर बोल, गिरजाबाईनं लग्नाआधी सगळं सांगितलं होतं. उठून उभा नको राहू, पडल्या पडल्या बोल. तेवढी सूट देते."

"ते नाय होणार."

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीची काच पुसायला घेतली.

तीनला तिची पाळी संपली. ती गेली नाही. ती काच पुसत राहिली. तेवढी स्वच्छ काच त्या हॉस्पिटलात आधी कधी नव्हती.

चारला माणसं आली. पुढं दाजी, हातात शहाळी. मागं केरू आणि मोरू, दोघेही जुने पंच, दोघेही नऊ वर्षांपूर्वी त्या गावकीत बसलेले. वहिनीला फडक्यासह बघून दाजी ओशाळला. "वैनी, तुम्ही हितं?" ती म्हणाली, "पोटासाठी, भावजी." तो लगबगीनं हैबतरावकडं वळला. हैबतराव आता म्होरक्याच्या सुरात बोलत होता. हृदयाचं जरा होतं, डॉक्टर म्हणाले काही नाय, कामाची दगदग, दुसरं काय. केरू म्हणाला, तुम्ही गावासाठी फार राबता. मोरूनं मान हलवली. हैबतराव म्हणाला, आपलं माणूस म्हणून राबायचं, त्याचं काय...

आणि वाक्य तिथंच राहिलं. ओठ मचमच हलले. हात बंडीच्या बटणावर गेला.

पंचांना आधी वाटलं, काही आठवतोय. पण धोंडुबाईला आठ महिन्यांची सवय. तिनं इकडं बघितलं नाही, तिकडं बघितलं नाही, खोलीत कोण आहे याचं भान ठेवलं नाही. खाली वाकली, पायातली चप्पल काढली आणि नवऱ्याच्या नाकावर दाबून धरली.

 दाजीच्या हातातलं शहाळं खाली घरंगळलं. धोंडुबाईनं मान वर केली, सगळे आपल्याकडं बघताहेत हे तिला दिसलं, पण चप्पल काढायचंही तिला सुचेना. हैबतराव नाकाला चप्पल लागलेल्या स्थितीत पांढराफटक पडला आणि मशीन ओरडायला लागलं.

"बघा," गिरजाबाई म्हणाली. "आता त्याच्याकडं नका बघू. रेघेकडं बघा."

रेघ सरळ झाली होती. गिरजाबाई मोठ्यानं मोजू लागली. एक. दोन. तीन. तिचा आवाज वर चढला नाही. धान्य मापताना बाई मोजते तसा एकसारखा. सात. आठ. दाजी रेघेकडं बघत होता. नऊ. "वैनी," तो म्हणाला. दहा. अकरा.

अकराच्या पुढं तिनं कधी मोजलं नव्हतं. पुढचा अंक शांतीचा होता, तो तळ्यावर कुणी नसताना मोजला गेला होता. तिथं ती थांबली. रेघ सरळच.

सिस्टर धावत आली. "मावशी, दाबा! छाती दाबा, मी इंजेक्शन काढते!" सिस्टर नव्या मावश्यांना शिकवायची तेव्हा गिरजाबाईनंही शिकून घेतलं होतं, पण बाहुलीवर. ती खाटेवर चढली. दोन्ही तळवे त्याच्या छातीच्या मधोमध ठेवले आणि दाबलं. दाबलं कसलं, नऊ वर्षांचा सगळा राग तिनं त्या दोन हातांत उतरवला. हा पंगतीतल्या चपलेचा. हा पहिल्या परतचा, हा दुसऱ्या परतचा. आत काहीतरी कडकन वाजलं. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. आणखी दोनदा दाबलं तेव्हा रेघेनं एक उडी मारली. मग थांबून दुसरी. मग चालू लागली.

"बास, मावशी," सिस्टर म्हणाली. गिरजाबाईनं आणखी एकदा दाबलं आणि उतरली.

डॉक्टर आले, मशीनमधून कागदाची लांब पट्टी निघाली होती ती हातात धरून उभे राहिले. अठरा सेकंद. त्यांनी पोपटला विचारलं, फिट येते हे सांगितलं का नाही, आणि पोपट आईकडं बघू लागला. मग डॉक्टरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. यांच्या हृदयात बिघाड नाही. फिट मेंदूत सुरू होते, तिथून हृदयाला चुकीचा हुकूम जातो आणि ते थांबतं. फिट नसताना तपासलं तर सगळं चांगलंच दिसणार. फार थोड्या लोकांना होतं असं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मुंबईला न्यावं लागेल, मेंदू तपासायचा, फिटच्या गोळ्या, बहुधा पेसमेकर. बरगडी मोडली आहे, ती महिनाभर दुखेल, पण जिवावरचं बरगडीवर गेलं.

"तारा कुणी लावल्या?" त्यांनी विचारलं. "आणि तुम्हाला कसं कळलं, मावशी?"

तिनं सांगितलं. ओठ, बटण, पळणारी नाडी, अकरा. ओटीवर पोह्यांनंतर हैबतरावला सांगितलेलं सगळं. गुडघाभर पाणी. पिळून ठेवलेले कपडे. नऊ वर्षं कुणी न ऐकलेलं तिनं त्या पाच-सहा माणसांमध्ये उभं राहून सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही मोजत होतात ते खरं असणार," ते म्हणाले. "तुमच्या मुलीचं हृदय पाण्यात पडण्याआधीच थांबलेलं असू शकतं. आज मला ते लिहून देता येणार नाही. पण असं होतं, ते या पट्टीवर आहे." आणि ते फोन करायला खाली गेले.

तासाभरात गाडी दारात आली. हैबतरावला स्ट्रेचरवर घेतलं आणि जिन्याच्या तोंडाशी टेकवलं. लिफ्ट नाही, जिना वळणाचा, चार माणसं हवीत. गाडीवाला एक, पोपट एक. उरलेल्या दोघांसाठी पोपट दाजीकडं बघू लागला.

दाजीनं हात पाठीमागं बांधले. "मी नाय उचलणार," तो म्हणाला. "आधी त्यांनी सांगायचं. वैनीनं लग्नाआधी सांगितलं होतं काय?" केरूनं मोरूकडं बघितलं आणि दोघेही एक पाऊल मागं झाले. वाळीत टाकणं याहून वेगळं नसतं. कुणी मारत नाही, कुणी शिवी देत नाही. फक्त कुणी हात लावत नाही.

"मी होते तिथं," धोंडुबाई रडत म्हणाली. "पोहे खाल्ले मी. सांगितलं होतं गो तिनं, सगळं सांगितलं होतं."

"तू नको," गिरजाबाई म्हणाली. "ज्याचा गुन्हा त्यानं बोलायचा." ती स्ट्रेचरच्या बाजूला खाली बसली आणि हैबतरावचं मनगट हातात घेतलं. नाडी पळत होती, पण नीट पळत होती. "बोल."

हैबतरावनं जिन्याकडं बघितलं, पोपटकडं बघितलं. कुणी त्याच्या मदतीला आलं नाही. "गिरजाबाईनं सांगितलं होतं," तो म्हणाला. मोडक्या बरगडीनं त्याचा श्वास मध्येच तुटला.

"ऐकू नाय आलं. परत."

त्यानं डोळे मिटले. "गिरजाबाईनं लग्नाआधी सांगितलं होतं."

"ऐकू नाय आलं. परत."

तिसऱ्यांदा तो बोलला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुखण्याचं की लाजेचं ते तिनं विचारलं नाही. केरूनं खाली बघितलं. दाजी स्ट्रेचर धरायला वाकला.

"थांबा, भावजी. हे माझं झालं. पोरीचं ऱ्हायलं." तिनं मनगट सोडलं नव्हतं. "तळ्याचं बोल."

 खाली गाडीचं इंजिन चालू होतं. मग त्यानं श्वास घेतला, कळ सोसली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव घेतलं.

"शांतीनं जीव दिला नाय. तिचं काळीज थांबलं. माझं थांबलं तसं."

दाजी वाकलेला होता तो तसाच जमिनीवर बसला आणि पंच्यानं तोंड झाकून रडायला लागला. पोपट भिंतीकडं तोंड करून उभा होता. गिरजाबाईला शब्दन्‌शब्द स्वच्छ ऐकू आला होता. आता तिला राग शोधूनही सापडेना. तिला फक्त तेवढंच वाक्य आणखी एकदा हवं होतं, कुणाच्याही तोंडून, याच्या तर याच्या.

"ऐकू नाय आलं," ती म्हणाली. "परत बोल."